देवानंद मिस्त्रीचं नाक

मस्तगडच्या देवानंद मिस्त्रीचं नाक म्हणजे त्याचं अर्धं गॅरेज. स्कूटर सुरू होत नसली, की तो पेट्रोलची नळी हुंगून दोष सांगायचा. तापाच्या साथीत त्याला वास येणं बंद झालं, ते परतलंच नाही. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आज गोरक्षनाथच्या जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर त्याने दोनदा साफ केला, प्लग बदलला, किक मारून पाय भरून आला. गाडी ढिम्म. तेवढ्यात त्याची बायको मालनबाई डबा घेऊन आली आणि तिने पदर नाकाला लावला.

"पेट्रोल किती सडलंय हे! गाडी बंद होती का हो भाऊ?"

"व्हय, वर्षभर. सांगायचंच राह्यलं," शेजारी उभा गोरक्षनाथ म्हणाला.

टाकी धुऊन नवं पेट्रोल भरताच गाडी सुरू झाली.

"मिस्त्री, गॅरेजात आता वहिनीलाच बसवा!" गोरक्षनाथ हसत निघून गेला.

मालनबाई हसली नाही. "सकाळी डाळ पार करपल्ती," ती हळूच म्हणाली, "अन् तुम्ही गुमान खाल्ली."

देवानंदने पेट्रोलने भिजलेले हात नाकाशी नेले. काहीच नाही. समोरून कुणीतरी बंद स्कूटर ढकलत येत होतं. त्याने शटर खाली ओढलं.