राणीच्या कपाळावरचं कुंकू

आमच्या माहेरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात एक सोन्याचं पदक असायचं. त्यावर इंग्लंडच्या जुन्या राणीचा चेहरा. तिच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा पाडलेलं. पणजोबांना ते कसं मिळालं याच्या घरात तीन कथा आहेत आणि माझ्या मते तिन्ही थापा. बायकांनी मात्र सोनं आणि बाईचा चेहरा एवढंच पाहिलं आणि राणीची लक्ष्मी करून टाकली.

आई गेल्यावर ते माझ्याकडे आलं. सौदीत, अल-खोबरला परतताना नवऱ्याने फोनवर बजावलं, "पदकावरचं कुंकू धुऊन आण. कस्टम्सवाल्यांचे प्रश्न नकोत." इथलं वातावरण आता बदललंय हे मलाही ठाऊक होतं. पण नवीन आले तेव्हा पूजेचं काही सापडलं तर जप्त करतात, परत पाठवतात, अशी शेजारणींनी भरवलेली भीती अजून अंगातून गेलेली नाही. तरीही धुवायला हात धजेना. ते आईने लावलेलं शेवटचं कुंकू होतं.

दम्मामच्या विमानतळावर नेमकी माझीच बॅग बाजूला काढली. नकाब घातलेल्या तरुण अधिकारी बाईने रुमालाची गाठ सोडली आणि पदक उचललं. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, नवऱ्याची नोकरी, मुलीची शाळा, सगळं आता जाणार असं वाटलं.

"हे लाल काय?" तिने इंग्रजीत विचारलं.

"ही आमची लक्ष्मी," माझी सात वर्षांची मुलगी तिला इंग्रजीतच म्हणाली. "आम्ही हिची पूजा करतो."

"नाही, नाही," मी घाईघाईने म्हटलं. "जुनी राणी आहे, बाकी काही नाही. हिनेच खेळताना लिपस्टिक फासली." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पदक जवळजवळ हिसकावून घेतलं, अंगठा जिभेला लावला आणि त्या उष्ट्या अंगठ्याने राणीचं कपाळ खसाखसा पुसलं.

बाई जरा गोंधळून माझ्याकडे बघत होती. "खरं सोनं आहे?"

मी मान हलवली.

"मग हातातल्या पर्समध्ये ठेवा. असं बॅगेत हरवतं." तिने पुढच्या माणसाला हात केला.

बाहेर नवरा गाडी घेऊन उभा होता. गाडी हमरस्त्याला लागली. मग एरवी आमच्याशी इंग्रजीतच बोलणारी मुलगी मागच्या सीटवरून मराठीत म्हणाली, "मी नव्हतं लावलं. आजीने लावलं होतं."