गाठींचा फासा

बाइंडरच्या दुकानात पुठ्ठा, खळ आणि दाभण यांच्याखेरीज चौथी गोष्ट शोधून सापडली नसती. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांची पुस्तकं बांधली. पन्नाशी उलटल्यावर मात्र स्वतः एक लिहिलं, बत्तीस पानांचं, आणि त्याची एकच प्रत काढली. ते एका खेळाच्या नियमांचं पुस्तक होतं.

कारण घरात होतं. त्याची बायको गणिताच्या बाई. अर्धा मार्क वाढवून मागायला आलेल्या मुलांना त्या विचारत, "अर्धा मार्क काय झाडाला लागतो?" दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं साचू लागलं. कडेचं दिसे, समोरचं दिसेना. आधी शाळा सुटली, मग माणसं. कुणी काही वाचून दाखवायला लागलं की त्या उठून आतल्या खोलीत जात. दर रविवारी नणंद आणि नणंदेची मुलगी येत. बाई आतूनच "बसा हं" म्हणत आणि बाहेर येत नसत. ते दार बाइंडरला रोज थोडं अधिक जाड वाटू लागलं होतं.

भाची कॉलेजात मैत्रिणींबरोबर एक खेळ खेळे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकीने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि पेच पडला की फासा टाकायचा. ते ऐकता ऐकता बाइंडरच्या हातातली दाभण थांबली. बघायचं काहीच नाही, सगळं बोलायचं.

"पण मामा, त्यात मुडदे फार पडतात," भाची म्हणाली.

"मग आपण आपला वेगळा करू. बिनमुडद्यांचा."

त्याने तो केला. त्याच्या खेळातल्या ड्रॅगनला अजीर्ण झालेलं होतं. आग ओकायला जावं तर ढेकरच यायचा. भूत अंधाराला घाबरे. एक तलवार होती, ती प्रत्येक वाराआधी "नीट विचार केलास का?" असं विचारी. मरायचं कुणीच नाही. हरेल त्याचा भोपळा व्हायचा: टेबलाशी बसायचं, पण खेळ संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

फाशाशी मात्र अडलं. बाई दुसऱ्याने वाचलेला आकडा घेणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने पुठ्ठ्याचे थर चिकटवून लिंबाएवढा फासा केला, वर बांधणीचं कापड चढवलं आणि ठिपक्यांच्या जागी दोऱ्याच्या गाठी मारल्या. नियम लिहिला: प्रत्येकाने डोळे मिटून फासा टाकायचा, तळव्याखाली झाकायचा, वरची बाजू बोटांनी वाचायची. इतरांनी ऐकायचं आणि विश्वास ठेवायचा.

पहिल्या रविवारी त्याने ते पुस्तक दाराशी उभं राहून मोठ्याने वाचलं, भाचीला ऐकवल्यासारखं. फाशाच्या नियमापर्यंत आला तेव्हा आतून आवाज आला, "विश्वास म्हणे. यात लबाडी करता येईल."

"येईल की," बाइंडर म्हणाला.

"मग हा कसला नियम?"

"मी बाइंडर आहे. चूक वाटत असेल तर तू येऊन सुधार."

बाई आल्या. दाराजवळच्या खुर्चीवर टेकल्या, उठायच्या बेतात असल्यासारख्या. त्यांनी तलवार घेतली. गोष्ट भाची सांगे. बाइंडर झाला शिंकऱ्या जादूगार. मंत्र म्हटला की त्याला शिंक येई आणि मंत्र भलतीकडेच जाई. तीन रविवार बाई आल्या, पण खुर्ची दाराजवळचीच. त्यांना एक पडला तर एक म्हणत, दोन पडले तर दोन. नणंदेला मात्र सारखे सहा.

"वन्सं, तुमचं नशीब भारीच," बाई म्हणत.

"तोंड धुऊन बसते मी, म्हणून."

चौथ्या आठवड्यात फाशाचा कोपरा सुटला. तो चिकटवताना बाइंडरने सहज सगळ्या बाजू मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि पुन्हा तीन. फाशाला सहा नव्हताच. साधी वही तीन टाक्यांत शिवतात; सहाच्या तीन-तीन गाठींच्या दोन ओळींपैकी पहिली झाली आणि हाताने आपोआप दोरा कापला. तीस वर्षांच्या सवयीने त्याला दगा दिला होता. मग त्याला बहिणीचे सगळे सहा आठवले आणि तो दुकानात एकटाच खळ सांडेपर्यंत हसला. दोन दिवस खपून त्याने नवा फासा केला, या वेळी सहा गाठींच्या बाजूसकट.

रविवारी तो खिशात घेऊन घरी आला तर तिघी आधीच बसल्या होत्या. बाई टेबलाच्या मधल्या खुर्चीत होत्या, न बोलावता. हे मोडायचं त्याच्या जिवावर आलं. नंतर बदलू, असं म्हणून त्याने जुनाच फासा पुढे ठेवला.

त्या दिवशी शिंकऱ्या ऐन पुलावर शिंकला आणि पुलालाच पाय फुटून तो पळाला. शिंकऱ्या दरीत लोंबकळू लागला.

"मामी, तलवार पुढे केलीत तर तो धरेल," भाची म्हणाली. "पण सहाच हवेत. पाच आले तरी मामा भोपळा."

"बरं होईल," नणंद म्हणाली. "जरा शांतता."

बाईंनी डोळे मिटले. फासा गडगडला, तळव्याखाली गेला. बोटं गाठींवरून एकदा फिरली, पुन्हा एकदा फिरली. बाइंडर त्या बोटांकडे बघत राहिला. आता तीन म्हणतील किंवा पाच. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला फुकटचा अर्धा मार्क दिला नव्हता.

"सहा," बाई म्हणाल्या.

"पडला बाई एकदाचा," नणंद म्हणाली.

बाईंनी तळवा उचलायच्या आधी फासा मुठीत घेतला. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या. टेबलाखाली बाइंडरचा अंगठा खिशातल्या नव्या फाशावरच्या सहा गाठी मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने हात रिकामाच बाहेर काढला.

"अहो, वाचलात ना? मग गप्प का?" बाई म्हणाल्या. "बोला काहीतरी. एवढं ओढून वर घेतलं मी."

शिंकऱ्याने तलवारीचे आभार मानले आणि शिंकला.