चंद्राबाईंच्या बारा शब्दांबाबत

लिहून देणार – दत्ताराम सकपाळ, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जलेखन, बसण्याचे ठिकाण महाड, कचेरीबाहेरची शेड. नुकसान झालेली व्यक्ती – चंद्राबाई उतेकर, राहणार पोलादपूरच्या वरची वाडी. दुसरी नुकसान झालेली व्यक्ती – तिचा मुलगा सुनील, मुंबईत लिफ्टदुरुस्तीच्या कामाला. घटनेचा दिवस – गेल्या माघातला एक रविवार. साक्षीदार – पोलादपूरच्या सभागृहात त्या दिवशी बसलेले सर्व जण. या सर्वांनी घटना डोळ्यांनी पाहिली. तरी त्यातले खरे काय ते एकालाही ठाऊक नाही. मी ते आजवर घरीही बोललेलो नाही.

इथवर लेखणी सुरळीत चालली. पुढे अडते. ठाणे अंमलदार साहेब, आपण ओळखीचे आहोत असे धरून लिहितो – अनोळखी माणसाला हे सांगणे मला जमणार नाही.

माझे शिक्षण नववीपर्यंत. पण माझ्या हातचा अर्ज साहेब लोक पूर्ण वाचतात, असा माझा लौकिक आहे – होता म्हणू? बिरवाडीच्या खोल्यांतून राहणारे कारखान्यातले कामगार मोबाईलवरच्या चलनात पैसे घालून बसले, आणि ते बुडाल्यावर माझ्याकडे तक्रारी लिहून घ्यायला येऊ लागले. तेव्हा मी फलक रंगवला – ‘आभासी चलन मालमत्ता पुनर्प्राप्ती सल्ला केंद्र’. खाली माझे नाव. बुडालेले परत आणून दिले असे एकही उदाहरण मी आज शपथेवर सांगू शकत नाही. पण मी मेळावे घेऊ लागलो. तुडीलला घेतला, बिरवाडीला घेतला, मग पोलादपूरला. हार, नारळ, ध्वनिक्षेपक, आणि तिपाईवर लावलेला माझाच मोबाईल – सगळ्या जगाला कार्यक्रम थेट दिसावा म्हणून.

चंद्राबाई त्या मेळाव्याला का आली? सुनीलचा मोबाईल चोरीला गेला होता. त्याची सगळी शिल्लक – घरावर स्लॅब घालायची – त्या मोबाईलमधल्या चलनाच्या पाकिटात होती. पाकीट दुसऱ्या मोबाईलवर उघडायला बारा इंग्रजी शब्द लागतात. ज्याच्याजवळ ते शब्द, त्याचे पाकीट. सुनीलने शब्द स्वतःजवळ ठेवले होते आणि तेच लिहिलेला एक कागद आईजवळ. नवा मोबाईल घेतला की उघडीन, असे तो म्हणाला होता. तिला मात्र धीर निघेना. मेळाव्याचा पुकारा ऐकून ती कागद पदराला बांधून डोंगर उतरली.

त्या दिवशीच्या भाषणातला पहिला नियम मीच वाचून दाखवला होता – हे शब्द कोणालाही सांगू नयेत. मग मी काय केले? माझ्या धंद्यात एक रीत आहे. अंगठा घेण्याआधी मजकूर चारचौघांत मोठ्याने वाचायचा आणि खाली लिहायचे – ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’. असे वाचले की मजकूर पक्का झाला, हे माझ्या हाडात भिनलेले. मी तिला मंचावर बोलावले, पाच पंच उभे केले, आणि ते बारा शब्द ध्वनिक्षेपकावरून वाचले. सावकाश. एकेक. माझे उच्चार लोकांच्या कानी पडावेत म्हणूनही – हे का लपवू? ‘कोणालाही’ या शब्दात मीसुद्धा येतो, हे माझ्या डोक्यात आले नाही.

पाकीट माझ्या दुसऱ्या मोबाईलवर उघडले. टाळ्या पडल्या. मागून कोणी ओरडले, “दत्तारामभाव, आता लंडनलाच ऑफिस टाका.” सगळे हसले. मीही हसलो.

आठवड्याभराने ती शेडमध्ये आली. “सायब, सुनील बोलतो त्यात कायच नाय. तुमी बगा जरा.” मी पाहिले. पाकीट रिकामे. आणि शिल्लक काढल्याची वेळ? तोच रविवार, तीच दुपार. हार अजून माझ्या गळ्यात असतील तेव्हाची.

मला कळले. त्याच क्षणी, पूर्ण कळले. इथे मी थोडा थांबतो – कारण अजून आपण माझ्या चुकीबद्दलच बोलतो आहोत, आणि चूक कोणाच्याही हातून होते. मला सांगायचे आहे ते यापुढचे.

मी विचारले, “हे शब्द तुमच्या मुलाकडे पण आहेत ना?”

“हायत की.”

“मग?” मी म्हणालो.

एवढेच. आरोप केला नाही. ‘मग’ म्हणालो आणि कागद आवरू लागलो. ती बाकावर बसून राहिली. तिचा चेहरा बदलताना मी पाहिला – खोटे कशाला, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहतच होतो.

तिने फोनवर विचारले तेव्हा सुनीलने तिला खरे ते सांगितले – आये, शब्द भोंग्यावर वाचले, तिथंच चोरी झाली. तिने ते मला येऊन सांगितले, आणि वर म्हणाली, “सोताचं पाप सायबावर ढकलतो मेला. तुमी माजं कशाला नुकसान कराल?” त्या वेळी बोलायला जागा होती की नव्हती? होती. मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

मग तिने मुलाविरुद्ध अर्ज मागितला. “नुसता दम द्या, खरं बोलंल.” मी लिहिला. ‘सदर इसमाने विश्वासघाताने रक्कम काढून घेतली’ – हे वाक्य माझे आहे. तिने असे काही म्हटले नव्हते. अर्ज ठाण्यात दिला, सुनीलला फोन गेला. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी दारात आली तेव्हा खांदा द्यायला तो नव्हता. शेजारच्या पोराने दिला. आता तो आईचा फोन उचलत नाही.

मेळावे मी चालू ठेवले. फक्त शब्द वाचणे बंद केले – न कळलेला माणूस बंद करील का? हल्ली शेडमध्ये बसवत नाही. टेबल इकडचे तिकडे करतो. रिक्षा करून वीर स्टेशनला जातो, मुंबईच्या गाडीतून उतरणारे चेहरे पाहतो, परत येतो. सुनील उतरला तर त्याच्याशी बोलेन की खांबाआड होईन? सांगता येत नाही. इतक्या फेऱ्यांनंतरही सांगता येत नाही.

तरी कळविण्यात येते की, सुनील उतेकर याच्याविरुद्धचा अर्ज खोटा असून तो मी, खोटा आहे हे ठाऊक असताना, लिहिला आहे. तो अर्ज निकाली काढावा व हा जबाब माझ्याविरुद्धची तक्रार म्हणून दाखल करून घ्यावा. जे उत्तर द्यायचे ते आधी वाडीवर चंद्राबाईंना द्यावे. मला दिले नाही तरी चालेल.