मागचं डावं चाक

आमच्या दवाखान्यातली जुनी मंडळी कुठे लग्नाकार्यात भेटली, की तब्येतीची चौकशी दोन मिनिटांत आटपते आणि विषय जीपवर येतो. त्या जीपच्या ट्यूबवर जेवढे पॅच होते, तेवढे किस्से आमच्याकडे आहेत. एक उचकटला की खालून दुसरा निघतो!

महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हाची गोष्ट. मेहकर तालुक्यात आमचा छोटासा सरकारी दवाखाना. डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, नुकतेच आलेले. एक सिस्टर, मी कंपाउंडर आणि जीपचे ड्रायव्हर सखारामभाऊ. रस्ते मातीचे, कडेला बाभळी. पंचर कुठल्याही चाकाला व्हायला हरकत नव्हती, पण व्हायचं ते मागच्या डाव्यालाच.

*

सखारामभाऊ ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसायचे. एकदा डॉक्टरसाहेब वैतागले.

"भाऊ, किती दिवस ठिगळं लावणार? बदलून टाकू ना ते टायर!"

भाऊंनी मानही वर केली नाही. "सायेब, बिमार माणूस आला त तुमी त्याले बदलून देता का? दवाईच देता ना?"

डॉक्टरसाहेब आत गेले आणि पुढचा पेशंट तपासायला लागले.

*

माझा देह तेव्हाही भरलेलाच होता. जीपमध्ये चढताना भाऊ रोज बजावायचे, "कंपाउंडर सायेब, उजवीकडं बसा. डाव्याले तुमी झेपत नाही."

दोन वर्षं मी इमानाने उजवीकडे बसलो. मग एक दिवस उजवं चाकही बसलं. सखारामभाऊंनी खाली उतरून चाक पाहिलं, मग मला पाहिलं आणि म्हणाले, "झालं सुरू!"

*

शेवटी डॉक्टरसाहेबांनी वर लिहिलंच. उत्तर आलं: टायर दुरुस्त करण्याजोगं आहे की बदलण्याजोगं, हे प्रत्यक्ष पाहून ठरवू. टायर घेऊन या.

चालतं टायर काढलं असतं तर जीप बसली असती, म्हणून सगळ्यात झिजलेलं स्टेपनीचं टायर पाठवायचं ठरलं. सखारामभाऊ ते घेऊन एस.टी.ने बुलढाण्याला निघाले. टायर शेजारच्या सीटवर. एका प्रवाशाने म्हटलं, "ते खाली ठेवा ना, मले बसू द्या."

"पेशंट हाय. तपासाले नेऊन राह्यलो," भाऊ म्हणाले.

संध्याकाळी भाऊ एकटेच परतले. आम्ही विचारलं, "टायर कुठाय?"

"भरती करून घेतलं!"

चार महिने त्या पेशंटची काही खबर नाही. चार महिने आम्ही स्टेपनीशिवाय फिरलो.

*

पंचरचा एक फायदा मात्र झाला. जीप बसली की सिस्टर लिंबाखाली सतरंजी टाकायच्या. भाऊ पॅच लावेपर्यंत बाया लेकरं घेऊन जमायच्या. कुणाला औषध, कुणाला सुई, कुणाला नुसता धीर. हळूहळू तालुकाभर बोलबाला झाला.

एकदा एका गावचे चार जाणते लोक दवाखान्यात आले आणि डॉक्टरसाहेबांसमोर बसले. "सायेब, बाकीच्या गावात तीन-तीन डाव पंचर झालं. आमच्या गावात काऊन होत नाही? आमी काय पाप केलं?"

डॉक्टरसाहेबांनी गंभीरपणे त्या गावाचं नाव लिहून घेतलं!

*

आता गयाबाईची गोष्ट. डोणगावच्या रस्त्याला एका वळणावर तिचा भाजीचा मळा होता. तिथे ही म्हातारी आणि तिचे लेक-सून राहायचे. सून पहिलटकरीण होती.

त्या दिवशी डॉक्टरसाहेब दवाखान्यातच होते, जीपमध्ये आम्ही तिघंच. वळणावर जीप एकदम बसली. मागचं डावंच! खाली पाहतो तर वाटेत बाभळीचे काटे, एक-दोन नव्हे, चांगला भारा पसरलेला. बांधावर गयाबाई उभी. ती धावत आली आणि सिस्टरांचा हातच धरला. "बाई, आता थांबल्याच त माह्या सुनेले पाहून घ्या वो."

सिस्टर झोपडीत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. सुनेच्या पायांना, तोंडाला सूज, डोकं ठणकतंय. ब्लडप्रेशर फार वाढलेलं. "हिला आत्ताच दवाखान्यात न्यायला हवं. उशीर झाला तर आई आणि बाळ, दोघांनाही धोका."

सखारामभाऊंनी ट्यूब काढून हौदात बुडवली. बुडबुडेच बुडबुडे! भोकं अकरा आणि पॅच उरलेले चार. स्टेपनी बुलढाण्यात भरती. बाजाराचा दिवस, त्यामुळे मळ्यातली बैलगाडी घेऊन लेक गेलेला. दवाखाना पाच मैलांवर.

गयाबाई मटकन खाली बसली. "म्याच टाकले काटे! म्याच!"

माझं डोकं सणकलं. मी बोलणार, तेवढ्यात भाऊंनी हाताने मला थांबवलं. "माय, रडू नंतर. घरात गोधड्या किती हायेत?"

गोधड्या आल्या, जुनी लुगडी आली, बाळाच्या दुपट्यांसाठी धुऊन ठेवलेलं मऊ कापडही आलं. ट्यूबच्या जागी भाऊंनी ते सगळं टायरमध्ये कोंबलं. तरी पोकळ राहिलं. तेव्हा गयाबाई आत जाऊन एक कोरं लुगडं घेऊन आली. लेकाच्या लग्नात तिला आहेरात आलेलं, घडीही न मोडलेलं. तिनेच ते स्वतःच्या हाताने आत दाबलं.

*

सून आणि सिस्टर जीपमध्ये. भाऊंनी मला बसू दिलं नाही! चाकावर भार नको म्हणून जीप बैलाच्या चालीनं पुढे, आणि मी व गयाबाई मागे पायी.

"काटे काऊन टाकले, माय?" मी विचारलं.

"दोन डाव हात दाखवला, बापा. तुमची गाडी थांबली नाही. ड्रायव्हर हासला अन् भोंगा वाजवून गेला. त्याले वाटलं, म्हातारी राम राम करते."

पाच मैल ती जीपवरची नजर न काढता चालली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी सखारामभाऊंना भोंग्याची गोष्ट सांगितली. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

*

या वेळी डॉक्टरसाहेबांनी ते गोधड्यांचं टायरच वर पाठवलं, जीप बसली तर बसू दे म्हणून. रिमार्कच्या रकान्यात लिहिलं: "हवा संपली. सध्या आत गोधड्या आहेत." आठ दिवसांत कोरं टायर आलं! त्यासोबत आमची स्टेपनीही परत आली, "दुरुस्त करून वापरावी" अशा चिठ्ठीसह.

*

त्यानंतर सखारामभाऊंना एक खोडच लागली. रस्त्यात कुणीही हात वर केला की ब्रेक! कुणी कणीस खुडत असो, कुणी पाखरं हाकलत असो, भाऊ उतरून विचारणार, "काय होऊन राह्यलं?" आमचे दौरे लांबायचे.

तीनेक वर्षांनी आम्ही त्याच वळणावरून चाललो होतो. रस्ता अंगणासारखा झाडलेला. तो गयाबाई झाडते हे आम्हाला माहीत होतं. बांधावर एक चिमुरडी उभी होती. तिने हात वर केला.

भाऊंनी कचकन ब्रेक मारला. खाली उतरले, धावतच गेले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. "काय झालं, माय? कोण बिमार हाय?"

पोरगी लाजली. मग तिने दोन्ही हात जोडले.

"राम राम!"

सखारामभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तिथेच, रस्त्याच्या मधोमध, तिला वाकून राम राम केला.