रांगेत उभी राहिलेली गायिका

"मी मदतीला आलेय," असं म्हणत माझ्या पुढच्या बाईंनी बाह्या वर सरकवल्या. मेलबर्नच्या क्लेटनमधल्या एका हॉलबाहेर फुकट अन्नाची रांग होती. लॉकडाऊनमध्ये माझी कॅफेतली शिफ्ट गेली होती, म्हणून मी आले होते. पण त्यांच्या पाठोपाठ माझ्याही तोंडून तेच निघालं. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी पिशव्यांत बटाटे भरले आणि रिकाम्या हातांनी निघालो. बसस्टॉपवर एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनाही कळलं. "पुढच्या वेळी रांगेतच उभ्या राहू, दूदू," त्या म्हणाल्या. दूदू म्हणजे त्यांच्या क्रिओल भाषेत लाडकी.

त्या कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावरच्या. झूक हे तिकडचं नाचायचं संगीत. त्या त्यातल्या गायिका. तरुणपणी त्यांचं गाणं बेटावरच्या प्रत्येक लग्नात वाजायचं म्हणे. मग पॅरिस, मेलबर्नचा दौरा, इथेच लग्न, घटस्फोट, आणि शेवटी शनिवारी रेस्टॉरंटमध्ये गाणं. आता तेही बंद. रांगेत त्या मास्कच्या आत गुणगुणायच्या आणि कुणी पाहिलं की खोकल्यासारखं करायच्या. करोनाच्या दिवसांत खोकला! पुढचा माणूस लगेच सरकायचा.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आई फोनवर विचारायची, जेवलीस का, आणि मी युनिव्हर्सिटीच्या कँटीनमधले पदार्थ सांगायचे. कँटीन कधीचं बंद होतं. हे त्यांना सांगितलं तर त्या हसल्या. त्याही गावी सांगत होत्या, नवा अल्बम चालू आहे.

एका सकाळी रांगेतच त्यांना बेटावरच्या रेडिओचा फोन येणार होता, थेट कार्यक्रमात. स्टुडिओत आहे म्हणून सांगेन, असं त्यांनी मला आधीच बजावलं. फोन आला. मास्क खाली करून त्या दोन ओळी गायल्या. तुम्ही तिथे असायला हवं होतं. पुढे सरकायचंच लोक विसरले. तेवढ्यात टेबलामागची मुलगी प्रेमाने म्हणाली, "फूड पार्सल एकटीसाठी का, लव्ह?"

"फूड पार्सल?" स्पीकरवर निवेदकाने हळूच विचारलं.

त्यांनी फोन बंद केला. माझेच कान तापले, त्यांच्याकडे बघवेना. पार्सल न घेताच त्या निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. मग मी टेबलापाशी दोन पिशव्या मागितल्या. त्या आमच्या मागच्याच गल्लीत राहायच्या. एक पिशवी त्यांच्या दारात ठेवली, बेल वाजवली आणि त्यांना माझ्यासमोर उभं राहावं लागू नये म्हणून भरभर चालू लागले. मागे दार उघडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.