गोऱ्ह्यांचा अर्धा र

नंदकुमारचं आडनाव गोऱ्हे. पण मरोळच्या आमच्या कंपनीत सगळे त्याला गोरे म्हणायचे आणि तो गुमान ऐकून घ्यायचा. मी चिडायचे, "अरे, बापाचं नाव आहे, सांग ना त्यांना!" तर म्हणायचा, "जाऊ दे गं रेवती, काय फरक पडतो?"

फरक पडला, आणि भोगावं लागलं भलत्याच पोरीला.

आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी डेटाबेस बनवते. पेशंटांची सगळी माहिती त्यात. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात तो मध्येच बंद पडायला लागला. केस पेपर निघेना, रिपोर्ट सापडेना, काउंटरवर लोकांची बोंबाबोंब. आणि बंद पडायचा तो नेमका अक्षताच्या ड्युटीत. ती विक्रोळीची, कंत्राटी ऑपरेटर, घर तिच्या पगारावर. हॉस्पिटलने बजावलं, महिनाअखेरपर्यंत बिघाड सापडला नाही तर हिला काढणार.

शोधायचं काम नंदकुमारकडे. डेटाबेस बंद पडतो का बघायला ऑफिसात त्याने नावांचा नुसता रतीब घातला, स्वतःचंही टाकलं. ढिम्म! मग हॉस्पिटलात जाऊन अक्षताच्या शेजारी खुर्ची टाकून बसला, तरी मेलं सुरळीत चालू. आमचा साहेब चंद्रप्रकाश म्हणाला, "पोरगीच काहीतरी उलटसुलट दाबत असणार." माझं टाळकंच फिरलं.

एका दुपारी नंदकुमारला काउंटरवरच घेरी आली. अक्षताने पाणी दिलं, शुगर तपासायला त्याचा केस पेपर काढायला घेतला.

"गोरे लिही," तो सवयीने म्हणाला.

"गळ्यातल्या कार्डावर तर गोऱ्हे आहे, सर." तिने तसंच टाईप केलं, यादी अक्षरवार लावायचं बटण दाबलं, आणि अख्खा डेटाबेस ठप्प.

बाकीचे ऑपरेटर नावं इंग्रजीत टाकायचे, नाहीतर साधा र ठोकून मोकळे. एकटी अक्षता तो कोयत्यासारखा अर्धा र बरोब्बर उमटवायची. गोऱ्हे, कऱ्हाडे, वऱ्हाडे. यादी लावताना तो आला की आमचं सॉफ्टवेअर गचकायचं. तशी नावं रोज थोडीच येतात? आणि ऑफिसात हा बाबा स्वतःचं नाव काय टाकत होता? गोरे! ऐकून ऐकून बोटांनाही तीच सवय लागलेली.

चंद्रप्रकाश म्हणाला, "दुरुस्ती गुपचूप टाका. चूक आपली असं लेखी दिलं तर कंत्राट जाईल." नंदकुमार त्याच्याशी कडाकडा भांडला. त्याला असं भांडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग स्वतःच्या सहीचं पत्र घेऊन हॉस्पिटलात गेला. ते म्हणाले, कंपनीच्या लेटरहेडवर आणा. चंद्रप्रकाश ते थोडंच देणार?

दुरुस्ती बसली आणि त्याच आठवड्यात अक्षताला काढलं. नंतर डेटाबेस एकदाही बंद पडला नाही. हॉस्पिटलवाले म्हणाले, "बघा, ती गेली आणि सगळं ठीक झालं." मेल्यांनो!

नंदकुमार तिच्या घरी जाऊन सगळं खरं सांगून आला. "म्हणजे बरोबर लिहिलं म्हणून, सर?" एवढंच तिने विचारलं. हे मला सांगताना तो ढसाढसा रडला. मलाही आवरलं नाही.

आता ऑफिसात कोणी गोरे म्हटलं की तो तिथल्या तिथे म्हणतो, "गोऱ्हे." लोक हसतात.

दिवाळीला अक्षताचा मेसेज आला. कुठल्याशा कुरिअरवाल्याकडे लागली म्हणे. नंदकुमारने फोन माझ्यापुढे धरला.

"शुभ दीपावली, गोरे सर."