नव्वद किलोचा सौदा

बकरी घ्यायची तर वाकावं लागतं. विकणारे बाजाराच्या सकाळी पिठात मीठ कालवून चारतात, मग जनावर तहानेनं बादलीभर पाणी पितं आणि त्याचं पोट फुगतं. नवखा माणूस पोट पाहून भाव करतो. मी कमरेच्या मणक्यावर दोन बोटं दाबून पाहतो, मांस आहे की नुसती कातडी. मोताळ्याच्या बाजारात तीस वर्षं माझा धंदा या दोन बोटांवर चालला आहे. वडिलांनी वावर ठेवलं नाही, दुकान ठेवलं नाही. दुसऱ्यांच्या बकऱ्या हाकत सुरुवात केली आणि मग स्वतःच्या घेतल्या.

दोन वर्षांपूर्वी माझं वजन एकशे सोळा किलो होतं. रक्तात साखर लागली होती, गुडघे गेले होते. वाकलो की वर येताना बकरीच्याच पाठीवर हात टेकावा लागे. एकदा एका विकणाऱ्यानं भर बाजारात विचारलं, "शेठ, बकरी घेऊन राह्यले का तिच्यावर बसून राह्यले?" सगळे हसले. मी त्याला नको ते बोललो, पण घरी येताना कळत होतं की वाकणं बंद झालं त्या दिवशी धंदाही बंद.

भात सोडून झाला, पहाटे चालून झालं, कडू काढे पिऊन झाले. दर वेळी दहा किलो उतरायचं आणि बारा चढायचं. शेवटी बुलढाण्याच्या एका डॉक्टर बाईंनी सगळ्या तपासण्या करून इंजेक्शन लिहून दिलं. आठवड्यातून एकदा, पेनासारखं, पोटावर आपल्या हातानं टोचायचं. सुरुवातीला थोडं, मग महिन्यामहिन्यानं वाढवत न्यायचं. पेन फ्रीजमध्ये ठेवायचं म्हणून बायकोनं लोणच्याची बरणी हलवली. दोन महिने मळमळ होती. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी दुसरी भाकरी मी ताटात तशीच ठेवली आणि बायको माझ्याकडं पाहतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा पोटानं "पुरे" म्हटलं होतं.

वर्षभरात वजन सत्त्याण्णववर आलं. वाकून उठताना हात टेकावा लागेना.

आणि मग माझे साडू बोलले. हे नांदुऱ्याला राहतात, तहसीलमध्ये कारकून होते, आता निवृत्त आहेत. मी बकऱ्यांचा धंदा करतो याचा वास त्यांना पहिल्यापासून येतो. त्यांच्या घरी बसलो होतो. मला वरून खालपर्यंत न्याहाळत ते घरच्यांना म्हणाले, "आमचे साडू आयतेच बारीक झाले. न मेहनत न पथ्य, सुई टोचली की झालं!"

आयतं! मला कोणी चोर म्हटलं असतं तर भांडलो असतो. हे ऐकून गप्प बसलो, आणि गप्प बसलो याचाच राग आठवडाभर डोक्यात राहिला. साडूंच्या मुलीचा साखरपुडा पाच-सहा महिन्यांवर होता. त्याच्या आत इंजेक्शन सोडायचं आणि त्यांच्या तोंडावर सांगायचं की सोडलं, असं मी ठरवलं.

डॉक्टर बाईंशी सौदा केला. "मॅडम, नव्वद झालं की बंद. बोला."

त्या हसल्या. "काका, आधी नव्वद तर होऊ द्या."

मी तो होकार धरला. पुढच्या तपासणीआधी दोन दिवस जवळपास उपाशी राहिलो आणि आदल्या दुपारपासून पाणीही तोंडात घेतलं नाही. काट्यावर चप्पल काढली, पाकीट काढलं, पट्टासुद्धा काढला. एक्याण्णव. मी म्हटलं, "एका किलोनं काय होते? धरा नव्वद."

त्यांनी काट्याकडं पाहिलंच नाही. माझा हात घेतला, तळहाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. पाण्याविना असलेली बकरी मीही अशीच ओळखतो, मानेची कातडी चिमटीत धरून. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी मान खाली घातली.

"पाणी कधी प्यायलात?"

"काल."

"या इंजेक्शनवर असं कराल तर चक्कर येऊन पडाल, किडनीला त्रास होईल. कोणाला फसवताय, मला?" मग जरा शांत होऊन म्हणाल्या, "नव्वदला थांबायचं असं मी कधी म्हटलं नव्हतं. सोडलं तर बहुतेकांची भूक परत येते, वजनही येतं. बीपीची गोळी बीपी उतरला म्हणून सोडतात का?"

"म्हंजे जन्मभर?"

"आत्ता तरी चालू ठेवायचं. पुढचं पाहत जाऊ."

"तारीख नाही अन् सौदा कसला?" म्हणून मी उठलो. पट्टा त्यांच्या टेबलावरच राहिला.

इंजेक्शन बंद केलं. पहिले दोन आठवडे काही झालं नाही, मी छाती काढून फिरलो. मग भूक आली. नुसती भूक नव्हे, जेवून हात धुताना पुढच्या जेवणाचा विचार. मी पहाटे चालत होतो, भाकरी मोजून खात होतो, आणि काटा चढतच होता. तीन महिन्यांत एकशे तीन. एका बाजारी मी वाकलो आणि उठताना पुन्हा हात बकरीच्या पाठीवर गेला. कोणी हसलं नाही, कोणाचं लक्षही नव्हतं. मी मात्र त्या दिवशी एकही जनावर न घेता परतलो.

बायको म्हणाली, "साडूच्या एका शब्दासाठी माह्या नवऱ्याचे गुडघे घालवता काय?"

दुसऱ्याच दिवशी बुलढाणा गाठलं. "मॅडम, जिथं सोडलं तिथूनच धरू."

"नाही. इतका खंड पडला की पुन्हा खालच्या डोसपासूनच."

"निम्म्यापासून?"

"खालून, काका."

आयुष्यात एखादा भाव मी न घासता मान्य केला असेल तर हाच. पुन्हा मळमळ, पुन्हा अर्धी भाकरी.

साखरपुड्याला गेलो तेव्हा दुसऱ्यांदा सुरू करून तीन आठवडे झाले होते. पंगतीत साडू स्वतः जिलबी घेऊन आले. मी एक घेतली, पानावर हात आडवा धरला.

"काऊन हो साडूभाऊ, सुई चालूच हाय का अजून?"

"चालू हाय. मधात सोडली होती, तं वजन वाढलं. आता सोडत नाई."

"मंग जन्मभर आयतंच?"

"तुमाले पेन्शन कधीपर्यंत हाय?"

"जन्मभर," ते म्हणाले आणि म्हणतानाच समजले.

"मंग तेही आयतंच हाय नं?"

साडू जिलबीचं ताट घेऊन पुढं गेले, समोरच्यांना वाढलं, पुन्हा माझ्याकडं फिरकले नाहीत. परतताना एसटीत बायको म्हणाली, "त्याईनं चाकरी केली पस्तीस वर्ष. ते आयतं कसं?"

मला ते माहीत होतं. बोलतानाही माहीत होतं. त्यांचं 'आयतं' आणि माझं 'आयतं' सारखंच खोटं होतं, पण पहिलं माझं नव्हतं. साडूंनी त्यानंतर फोन केलेला नाही, मीही केलेला नाही, आणि माझा राग गेला असं मी लिहिणार नाही. इंजेक्शन दर रविवारी सकाळी घेतो. बायको विचारते, "घेतलं का?" मी म्हणतो, "हाव." परवा काटा अठ्ठ्याण्णव होता. डॉक्टर बाईंना आकडा सांगितला, आणि कधीपर्यंत ते विचारलं नाही.